पासंग

नुकसान वाढले की पेढे वाटतात असा एक धंदा मला ठाऊक आहे. त्या धंद्यात मी माझे उभे आयुष्य काढले. पण लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वह्या पुजताना घरातल्या कोणालाही तो मला धड समजावून सांगता आलेला नाही. आमच्या कागदांवर एक रकाना असतो, त्याचे नाव रिटर्न लॉस. परत येणाऱ्या लहरीचा तोटा. हा तोटा वीस असला तर आम्ही मान डोलावतो, तीस असला तर खूश होतो आणि चाळीस असला तर आकड्याकडे संशयाने पाहतो. सौभाग्यवतींनी एकदा विचारले होते, "तोटा एवढा चांगला तर पगार का नाही वाढत?" या प्रश्नाला रेडिओशास्त्रात उत्तर नाही.

गोष्ट खरे पाहता सोपी आहे. तारेतून रेडिओची लहर निघते आणि एखाद्या वस्तूच्या दाराशी येऊन उभी राहते. ती वस्तू म्हणजे अँटेना असेल, गाळणी असेल, नाहीतर नुसता एक जोड असेल. दार नीट असले तर सगळी लहर आत जाते. दार थोडे अरुंद किंवा थोडे जास्तच रुंद असले की काही लहर उंबऱ्यावरूनच माघारी फिरते. दिवाळीच्या फराळाला शंभर पाहुणे बोलावले आणि त्यातला एक दारातूनच परत गेला, तर आम्ही म्हणू, रिटर्न लॉस वीस डेसिबल. हजारात एक गेला तर तीस. दहा हजारांत एक गेला तर चाळीस. आकडा जितका मोठा, तितके परत जाणारे कमी, आणि यजमानाची अब्रू तितकी शाबूत.

परतलेली लहर काय घोटाळा करते हे आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि त्यानंतर काही वर्षांनी आमच्या माकुणसारच्या घरावर उंच बांबूच्या टोकाला ती माशाच्या सांगाड्यासारखी अँटेना चढली. सफाळे आणि केळवे यांच्यामधले आमचे गाव. मुंबईचा प्रसारण-मनोरा तेथून बराच लांब. चित्र येई, पण निवेदिकेच्या शेजारी तिची फिकट सावली बसलेली असे. घरातले तिला भूत म्हणत. माझ्या वडिलांचा तर्क असा की, ते भूत तांदुळवाडीच्या डोंगरावर राहते. तर्क अगदीच वेडा नव्हता. सरळ आलेली लहर एक आणि कशावर तरी आपटून मागाहून आलेली दुसरी, अशा दोघींनी मिळून ती जुळी निवेदिका तयार होई. तारांच्या आत हीच भुते फिरत असतात; ती दिसत नाहीत एवढेच.

आता, परत गेलेला पाहुणा मोजायचा कसा? येणारे आणि जाणारे एकाच वाटेने चाललेले. त्यात येणाऱ्यांचा लोंढा आणि जाणारा एखादाच. मी मुंबईच्या एका सरकारी प्रयोगशाळेत उमेदवारी करीत होतो त्या काळी हे मोजायला खाच असलेली एक पितळी नळी वापरीत. तिच्या खाचेतून एक बारीक सुई आत डोकावे, ती सुई मी रेघारेघाने पुढे सरकवायची आणि काटा कुठे उंच जातो, कुठे खाली बसतो ते वहीत मांडायचे. उंच आणि सखल यांचे गुणोत्तर १.२२ आले की वीस डेसिबल, १.१ आले की सव्वीसच्या थोडे वर. एका वस्तूच्या एका कंपनसंख्येला दहा मिनिटे लागत. पुढे यंत्रे आली, पडदे आले, पापणी लवायच्या आत हजार कंपनसंख्यांचा आलेख समोर उमटू लागला. सोय फार झाली. पण सुई सरकवताना बोटांना जे कळत असे, ते पडद्याकडे पाहून कळत नाही, असे माझे मत आहे आणि ते म्हाताऱ्याचे मत म्हणून वाचकांनी खुशाल सोडून द्यावे.

नव्या यंत्रांच्या पोटात जाणारी आणि येणारी लहर वेगळी काढणारा एक भाग असतो. त्याला डायरेक्शनल कपलर म्हणतात. फाटकावरच्या पहारेकऱ्याने फक्त बाहेर पडणारे मोजावेत, तसे त्याचे काम. पण एकही पहारेकरी निर्दोष नसतो. आत जाणाऱ्यांपैकीही एखादा तो चुकून बाहेर पडणाऱ्यांत धरतो. खरोखर परतलेले मोजायचे तर आहेत मूठभर, आणि त्यात हे चुकून धरलेले मिसळतात. येथे एक हिशेब दिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी हा परिच्छेद चकलीबरोबर गिळावा. समजा वस्तूचा खरा आकडा पंचवीस डेसिबल आहे. म्हणजे परतलेल्या लहरीची उंची मूळ लहरीच्या ५.६ टक्के. यंत्राची गळती तीस डेसिबलची आहे, म्हणजे ३.२ टक्के. या दोन लहरी एकमेकींत मिसळतात, आणि लहरींची बेरीज रुपयांसारखी होत नाही. त्या हातात हात घालून चालल्या तर ८.८ टक्के होतात; एकमेकींच्या विरुद्ध चालल्या तर २.४ टक्केच उरतात. तीच वस्तू एका ठिकाणी २१ डेसिबल दाखवते आणि दुसऱ्या ठिकाणी ३२. दोन्ही यंत्रे चालू, दोन्ही माणसे प्रामाणिक, आणि आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक.

तराजूच्या बाबतीत या गोष्टीला आपल्या भाषेत एक सुरेख शब्द आहे: पासंग. रिकामी पारडी जर बरोबर राहत नसतील तर जो फरक उरतो तो पासंग. अमका तमक्याच्या पासंगालाही पुरत नाही, असे आपण म्हणतो तेव्हा त्या फरकाच्या क्षुल्लकपणाकडे बोट दाखवतो. पण माल जर सोन्यासारखा थोडा असेल तर पासंगच सारे काही ठरवतो. आमची आजी पहाटेच्या गाडीने भाजी घेऊन मुंबईला जात असे. १९५८ पासून हळूहळू किलो-ग्रॅमची मापे आली तेव्हा तिला शेर विसरायला फार दिवस लागले, परंतु तराजूवर तिचा विश्वास शेराच्या काळातही नव्हता नि किलोच्या काळातही बसला नाही. व्यापाऱ्याने वांगी तोलून आकडा सांगितला की ती म्हणायची, "आता माल त्या पारड्यात घाल नि मापे या पारड्यात." व्यापारी कुरकुरत उलटे तोली. दोन आकडे वेगळे आले तर आजी मधला आकडा धरून पैसे मागे. पहिल्या वेळी पासंग मालाच्या बाजूने होता, दुसऱ्या वेळी विरुद्ध झाला. दोहोंच्या मध्यावर खरे वजन. आजीला सही करता येत नव्हती. कार्ल फ्रिडरिश गाउस या थोर जर्मन गणितज्ञाच्या नावाने शास्त्रात हीच पारडेबदल ओळखली जाते, हे मला कॉलेजात गेल्यावर कळले; आजीला सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले की, तो कुठल्या बाजारात बसत असे?

लहरीचे पारडे बदलायचे कसे, हा प्रश्न उरतो. तिलाही पारडे आहे. वस्तूच्या आधी चौथाई लहरीइतकी लांब, रिकामी, निर्दोष नळी जोडावी. लहर जाताना चौथाई आणि येताना चौथाई असे अर्धे अंतर जास्त चालते, आणि अर्ध्या लहरीचे अंतर वाढले की ती बरोबर उलटी होऊन परत येते. यंत्रातली गळती मात्र जागच्या जागीच असते. तिला या नळीचा पत्ताही नसतो. मग नळीशिवाय एकदा मोजावे, नळीसह एकदा मोजावे, आणि एकातून दुसरे वजा करून निम्मे करावे. गळती कटून जाते. उरते ती वस्तू. मोबाइल फोनच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीला ही नळी किती लांब लागते म्हणाल, तर अवघी ८३ मिलिमीटर. आपल्या हाताच्या मधल्या बोटाएवढी.

परतणाऱ्या लहरीला ओळखण्याची याहून देखणी युक्ती एका भारतीय माणसाने काढली आहे, आणि ती येथे सांगितलीच पाहिजे. गोविंद स्वरूप १९५३ साली सिडनीला शिकायला गेले. तेथे पॉट्स हिलला सहा-सहा फुटांच्या बत्तीस तबकड्यांची एक सूर्य पाहणारी रेडिओ दुर्बीण होती. बत्तीस तबकड्यांचे आवाज बत्तीस वाटांनी येऊन मध्यभागी मिळत, आणि त्या सगळ्या वाटा लहरीच्या मापाने सारख्या ठेवणे हे महाकर्मकठीण काम होते. ते काम स्वरूपांनी हाताने केले. पुढे ते अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले तेव्हा के. एस. यांग यांच्या जोडीने त्यांनी त्यावर उपाय काढला आणि १९६१ साली तो प्रसिद्ध केला. मध्यभागातून तबकडीकडे एक लहर पाठवायची आणि तिची परतलेली लहर मोजायची. पण वाटेतला प्रत्येक जोड, प्रत्येक वाकण थोडीथोडी लहर परत पाठवतच असते. मग तबकडीपाशी जाऊन आलेली कोणती? त्यांनी तबकडीच्या टोकाशी एक लहानसा डायोड बसवला आणि तो ठराविक वेगाने उघड-मीट करायला लावला. तेथून परतणाऱ्या लहरीवर तेवढी खूण उमटे. बाकीच्या भुतांवर ती नसे. जत्रेत हरवू नये म्हणून आई पोराच्या अंगात लाल झबले घालते, त्यातला हा प्रकार. त्याच सिडनीच्या बत्तीस तबकड्या ऑस्ट्रेलियाने पुढे आपल्या देशाला दिल्या. १९६५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या तरुण मंडळींनी त्या आपल्या कल्याणला उभ्या केल्या आणि ६१० मेगाहर्ट्झवर सूर्य ऐकला. कल्याण म्हटले की लोकांना गाडी बदलणे तेवढे आठवते. नारायणगावजवळ खोडदला आज ज्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत, त्यांची पणजी कल्याणला नांदून गेली आहे. स्वरूप २०२० च्या सप्टेंबरात गेले.

हे सगळे मला आठवायचे कारण गेल्या पावसाळ्यात घडले. बोईसरला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा लहानसा कारखाना आहे. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. बाहेर रसायनांच्या कारखान्यांचा वास आणि आत सात-आठ माणसे मोबाइलच्या मनोऱ्यांसाठी पॉवर डिव्हायडर बनवताहेत, असे ते दृश्य. एका लहरीचे सारखे दोन भाग करणारी ती अॅल्युमिनियमची डबी. भाऊंनी साठ डब्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला पाठवल्या होत्या. करारात लिहिले होते, रिटर्न लॉस चोवीस डेसिबलपेक्षा कमी नको. कारखान्याच्या तक्त्यावर प्रत्येक डबीपुढे तीस, साडेतीस, एकतीस असे आकडे. गिऱ्हाइकाने मोजले तर एकवीस, साडेएकवीस, बावीस. साठच्या साठ डब्या परत आल्या आणि त्यांच्याबरोबर एक पत्र. त्यात सभ्य शब्दांत असे सुचवले होते की, तुमच्याकडचे आकडे मोजलेले नसून लिहिलेले आहेत.

मोजणारी होती सातपाटीची एक मुलगी. डिप्लोमा झालेली, वर्षभरापूर्वी कामाला लागलेली. रोज रिक्षाने पालघरला येई आणि तेथून गाडीने बोईसरला. घरात शिकून नोकरीला लागलेली ती पहिलीच. भाऊ माणूस वाईट नव्हे, पण पत्राने हादरले होते. गिऱ्हाईक गेले तर कारखान्याचे निम्मे काम गेले. त्यांनी मला फोन केला तो मुलीसमोरच. "दादा, एकदा येऊन बघा. खोटे लिहिले असेल तर तेही सांगा, मी आजच काय तो निकाल लावतो." मागून तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला: "मी जे दिसले तेच लिहिले."

मी गेलो. आधी तिला म्हटले, तू रोज करतेस तसेच कर, मी बोलणार नाही. तिने यंत्र अर्धा तास गरम होऊ दिले. जोडांची टोके स्पिरिटने पुसली. जोड आवळताना डबी फिरवली नाही, नुसती चाकी फिरवली, आणि तीही हातपान्याने नव्हे तर ठराविक जोर आला की 'कट्' करून सुटणाऱ्या पान्याने. केबल एकदा टेबलावर पसरली ती पुन्हा हलवली नाही, कारण वाकवलेल्या केबलच्या पोटात लहरीचा रस्ता बदलतो. मुंबईच्या प्रयोगशाळेत मी मोठमोठ्या पदवीधरांना यातली प्रत्येक गोष्ट चुकवताना पाहिले आहे. मग तिने यंत्राला शिकवणी दिली. यंत्र मोजायला बसण्यापूर्वी त्याला तीन ठरलेल्या वस्तू दाखवाव्या लागतात: एक उघडे टोक, एक बंद टोक आणि एक असे टोक की जे आलेली सगळी लहर गिळून टाकते. यंत्राचे दोष तीन, म्हणून वस्तू तीन. त्यांतला एक दोष फक्त मोठ्या परतीच्या वेळी छळतो. आपल्या कामात तो नगण्य. एक दोष मापाच्या पट्टीचा. आणि तिसरा पासंग. हा पासंग गिळणाऱ्या टोकावरून ठरतो. यंत्राची समजूत अशी करून दिलेली असते की, या टोकावरून काहीही परत येत नाही. तरीही जे काही दिसेल ती माझी स्वतःची गळती, ती मी यापुढे वजा करीन.

मुलीने ते गिळणारे टोक पुन्हा लावून दाखवले. यंत्र म्हणाले, साठ डेसिबल. दहा लाखांत एक. "बघा काका, एकदम बरोबर आहे," ती म्हणाली.

बरोबर म्हणजे काय? यंत्राने ज्याला शून्य मानायचे ठरवले होते तेच त्याला पुन्हा दाखवले. ते शून्यच म्हणणार. शेरभराचे माप मुळात झिजलेले असले तरी स्वतःशी तोलून ते शेरभरच भरते. मी तिला म्हटले, आजीचा तराजू करायला आपल्याला एक नळी लागेल.

नळी बाजारात विकत मिळते, पण तिची किंमत ऐकून भाऊंच्या चेहऱ्याचा रंग गेला असता. म्हणून मी पालघरच्या एका लेथवाल्याकडे गेलो. या नळीची मौज अशी की, तिच्यात विजेचे म्हणून काहीच नाही. बाहेर पितळेची नळी, आत पितळेची कांडी, मध्ये नुसती हवा. बाहेरच्या नळीचा पोकळ व्यास आतल्या कांडीच्या २.३ पट असला की झाले; ती पन्नास ओमची वाट बनते आणि तिच्यातून लहर कोठेही न अडखळता जाते. आमच्या जोडाच्या मापाने सांगायचे तर बाहेर ७ मिलिमीटर, आत ३.०४. कांडीला मध्ये कसलाही आधार नाही. ती दोन टोकांच्या पिनांवरच तोललेली. लेथवाल्याने विचारले, किती शतांश सूट? मी म्हटले, कांडीत तीन. मिलिमीटरचे तीन शतांश चुकले तरी नळीचा स्वतःचा दोष ४४ डेसिबलच्या आसपास राहतो, तेवढा आम्हाला चालण्यासारखा होता. जगातले सगळे विजेचे आकडे शेवटी एका लेथवाल्याच्या मायक्रोमीटरवर येऊन टेकतात, याचा मला दर वेळी नव्याने आनंद होतो. त्याने चार दिवस घेतले. पहिल्या दोन कांड्या त्याने स्वतःच मोजून भंगारात टाकल्या, मला न विचारता.

नळी घेऊन बोईसरला गेलो. पाऊस मुसळधार होता आणि वीज दोनदा गेली, म्हणजे यंत्र दोनदा नव्याने गरम करावे लागले. मुलीने शिकवणी दिली, गिळणारे टोक लावले, साठ डेसिबल. मग तेच टोक काढून मध्ये ती रिकामी, बोटभर नळी घातली आणि पुन्हा लावले.

चोवीस.

ती पडद्याकडे बघत राहिली. तिला वाटले, नळी वाईट आहे. मी म्हटले, नळी उलटी फिरवून लाव. चोवीस. पुन्हा पुसून लाव. चोवीस. मग कागद घेतला. टोकावरून जर खरोखर काहीच परतत नसते तर मध्ये आणखी वाट घातल्याने काहीच बदलले नसते. शून्य उलटे केले तरी शून्यच. ज्या अर्थी बदलले त्या अर्थी टोकावरून काहीतरी परतत होते, ते यंत्राने गळती समजून वजा केले होते, आणि आता तेच उलटे होऊन आल्यामुळे दुप्पट दिसत होते. चोवीस डेसिबल म्हणजे ६.३ टक्के. निम्मे केले की ३.१५ टक्के. टोकाचा खरा आकडा तीस डेसिबल निघाला. भिंगातून पाहिले तेव्हा त्याची मधली पिन किंचित आत गेलेली होती. कधीतरी, तिच्या नोकरीच्याही आधी, ते जमिनीवर पडले असावे. कारखान्यातल्या जुन्या फिटरला तसे अंधुक आठवलेही.

म्हणजे मुलीने लिहिलेला प्रत्येक आकडा तिला खरोखरच दिसला होता. साठही डब्या एकाच साच्यातल्या, म्हणून त्यांच्या परतीच्या लहरीही एकाच दिशेच्या. त्या सगळ्यांतून हा झिजलेला शेर सारखाच वजा होत गेला आणि पंचविसाच्या डब्या तीस-एकतीस दिसल्या. भाऊंनी हे दोनदा समजून घेतले. मग ते तिच्याकडे न पाहता फिटरला म्हणाले, "चहा सांग रे सगळ्यांना." माफी मागण्याची ही पद्धत आमच्याकडे सर्रास आहे, मला ती पुरेशी वाटत नाही, आणि मी तसे भाऊंना नंतर गाडीत बोलून दाखवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला तोंडाने काय ते म्हटले, असे मुलीकडून कळले.

पण हा झाला निम्मा उलगडा. पंचविसाच्या डब्या गिऱ्हाइकाकडे एकवीस का भरल्या? तेथे मला जावे लागले आणि मी मुलीला बरोबर नेले. तिची जागा तेथे होती, माझी नव्हती. गिऱ्हाइकाचे यंत्र नवेकोरे, खोली थंडगार, टोके पेटीत मखमलीवर ठेवलेली. त्यांच्या तरुण इंजिनिअरने आमचे स्वागत काहीसे कोरडेपणाने केले आणि शिकवणी देऊन दाखवली. सगळे निर्दोष. नंतर त्याने डबी उचलली. डबीचा जोड एका जातीचा आणि त्याच्या केबलचा दुसऱ्या जातीचा होता, म्हणून त्याने खणातून एक लहान अडॅप्टर काढला, मध्ये बसवला आणि मोजले. साडेएकवीस.

मुलगी हळूच म्हणाली, "सर, हा अडॅप्टर शिकवणीच्या वेळी नव्हता."

शिकवणीनंतर मध्ये जे जे येते ते यंत्राच्या लेखी वस्तूचाच भाग असते. तो अडॅप्टर कितीही चकचकीत असला तरी त्याची स्वतःची परत होतीच, आणि ती डबीच्या परतीत मिळून जात होती. आमच्या टोकाने वजा केले, त्यांच्या अडॅप्टरने मिळवले. इंजिनिअर क्षणभर गप्प राहिला. मग त्याने, हे त्याच्या मोठेपणाचे, वाद न घालता दुसऱ्या जातीची टोके मागवली, अडॅप्टर लावूनच त्याच्या पुढच्या तोंडाशी पुन्हा शिकवणी दिली आणि डबी पुन्हा लावली. २५.२. नंतर मुलीने पिशवीतून नळी काढली आणि पारडे बदलून तीच डबी मोजली. २५.४. तो नळीकडे बघतच राहिला. त्याने ती हातात घेऊन आरपार पाहिली, जणू आत काहीतरी लपवले असावे.

साठ डब्या मोजायला दोन दिवस लागले. छप्पन्न चोवीसच्या वर निघाल्या, चार खाली. या वेळी मुलीने तक्त्यात एक नवा रकाना घातला होता: आकड्यापुढे अधिक-उणे किती. नळीचा दोष, जोड काढून पुन्हा लावल्यावर पडणारा फरक, असे सगळे धरून बहुतेकांपुढे पाऊण डेसिबल. भाऊंना हा रकाना मुळीच आवडला नाही. "आपणच लिहून द्यायचे की आपला आकडा थोडा इकडेतिकडे असेल? गिऱ्हाईक घासाघीस करील." मी काही बोललो नाही. मुलगी म्हणाली, "भाऊ, ज्या तीन डब्या २४.३ आहेत त्यांच्याबद्दल तुम्हीच सांगा, मी पास लिहू की नापास?" भाऊंनी बराच विचार केला आणि त्या तीन बाजूला काढून ठेवायला सांगितल्या. त्रेपन्न गेल्या. बाकीच्या सात उघडल्या तेव्हा पाचांत आतल्या पिनेवर डाखाचा थेंब राहिलेला होता, एकीत चांदीचा मुलामा काळवंडला होता (वसाहतीतल्या हवेत गंधक असले की चांदी वर्षभरही गोरी राहत नाही), आणि सातवीत आम्हाला काहीच सापडले नाही. ती अजून माझ्या टेबलावर आहे.

गिऱ्हाइकाच्या इंजिनिअरने नंतर नळीचे चित्र मागवले आणि तशाच दोन नळ्या करून हव्यात असे कळवले. मी त्याला पालघरच्या लेथवाल्याचा पत्ता दिला. लेथवाल्याने त्याला जो भाव सांगितला तो मला सांगितल्याच्या चौपट होता. मी विचारायला गेलो तर तो मान वर न करता म्हणाला, "तुमच्या वेळी मला ठाऊक नव्हतं, दादा. पितळेचे पैसे तेवढेच आहेत. शतांशाचे वेगळे."